डेलिकेट आर्चची वाट : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर आणि चढ दीडशे मीटरच्या आसपास : अमेरिकेतील डेलिकेट आर्च या नैसर्गिक दगडी कमानीच्या वाटेचे हे आकडे वाचले की सह्याद्रीत हिंडलेला मराठी माणूस निर्धास्त होतो. गुंजवण्याहून राजगड चढलेल्याला हा आकडा म्हणजे जेवणानंतरची शतपावली वाटते, आणि नेमकी तिथेच गफलत होते. आम्ही पहिल्यांदा गेलो तो जून महिना होता, भारतातून आईबाबा आले होते, न्याहारी सावकाश उरकून अकरा वाजता वाटेला लागलो आणि चौघांत मिळून पाण्याच्या तीन छोट्या बाटल्या होत्या. उघड्या कातळाच्या निम्म्या चढावर बाबा खाली बसले. चेहरा लाल झालेला, पण अंगाला घाम म्हणून नाही. तिथूनच परत फिरलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून तीच वाट हसतखेळत पुरी केली. माणसे तीच, वाट तीच. बदलली होती ती फक्त वेळ आणि पाण्याचा साठा. म्हणून या लेखात अंतरापेक्षा घड्याळाबद्दल अधिक लिहिले आहे.

आपण काय पाहायला जातो आहोत

डेलिकेट आर्च अमेरिकेतील युटा राज्यात, मोआब या गावाजवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये आहे. हा प्रदेश १९२९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून आणि १९७१ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानींची नोंद झालेली आहे. डेलिकेट आर्च त्यांतली सर्वांत मोठी नाही, मात्र सर्वांत ओळखीची नक्कीच आहे. युटाच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ती असते आणि २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकची मशालही तिच्याखालून नेण्यात आली होती.

आपल्याकडे डोंगराच्या अंगाला आरपार पडलेल्या भोकाला ‘नेढे’ म्हणतात. राजगडाच्या सुवेळा माचीवरचे किंवा रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कमानीची मूळ कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. फरक दगडाचा आहे. सह्याद्रीचे नेढे ज्वालामुखीच्या बेसाल्टमध्ये आहे आणि इथला दगड ज्युरासिक काळात साचलेल्या वाळूचा, म्हणजे एंट्राडा नावाच्या वालुकाश्माचा आहे. या वालुकाश्माच्या खूप खाली जुन्या, आटलेल्या समुद्रातील मिठाचे जाड थर आहेत. वरच्या खडकांच्या भाराने मीठ दबून सरकत गेले, कुठे फुगले, कुठे विरघळून खचले, आणि त्यामुळे वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावत गेल्या आणि मधे उरल्या त्या उंच, अरुंद भिंती. या भिंतींमधील वाळूचे कण चुन्यासारख्या द्रव्याने सांधलेले असतात. पावसाचे पाणी तो सांधा विरघळवते, हिवाळ्यात फटीतल्या पाण्याचे बर्फ होऊन ते दगड उचकटते, आणि भिंतीला भोक पडते. डेलिकेट आर्चच्या बाबतीत हे काम इतके पुढे गेले आहे की आजूबाजूची भिंतच नाहीशी झाली आणि कमान तेवढी एकटी उभी राहिली. तिचा मोकळा भाग सुमारे १४ मीटर उंच आणि १० मीटर रुंद आहे, आणि एका पायाची कंबर इतकी बारीक झाली आहे की पाहणाऱ्याला तिचीच काळजी वाटावी. ती काळजी अगदीच अनाठायी नाही, कारण याच उद्यानातील वॉल आर्च २००८ च्या ऑगस्टमध्ये कोसळली.

पहिली पायरी : महिना आणि वेळ ठरवणे

एप्रिल, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे चालण्यासाठी उत्तम महिने आहेत, आणि अर्थातच सर्वांत गर्दीचेही तेच आहेत. जून ते ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे आहे. तिथल्या फलकांवर आणि हवामानाच्या अंदाजात ते १०० अंश फॅरनहाइट असे दिसेल. अमेरिकेतील मराठी घरांची अडचण अशी, की आईवडील भारतातून येतात ते बहुधा याच महिन्यांत, आणि मुलांच्या शाळेची सुट्टीही तेव्हाच असते. तेव्हा उन्हाळा टाळता येत नसेल तर दुपार टाळावी. उन्हाळ्यात सूर्योदयाच्या आधी अर्धा तास वाटेच्या तोंडाशी असावे, म्हणजे उन्हे चटकायला लागण्यापूर्वी परतीचा बराच टप्पा संपलेला असतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत उन्हाळ्यात या वाटेला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग हाताशी एकच दिवस का असेना.

दुसरा पर्याय संध्याकाळचा आहे. मावळतीचा प्रकाश कमानीवर समोरून पडतो, दगड निखाऱ्यासारखा पेटल्यागत दिसतो आणि मागे ला साल डोंगररांगेची शिखरे असतात. छायाचित्रांतून जगभर पोहोचलेले दृश्य ते हेच. सकाळी प्रकाश कमानीच्या मागच्या अंगाने येतो, त्यामुळे छायाचित्रे तेवढी खुलत नाहीत, पण शांतता आणि गारवा मिळतो. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर मी डोळे मिटून सकाळ निवडेन, कारण सूर्यास्त पाहायचा म्हणजे उतरण्याचे काम अंधारात करायचे, हे ओघाने आलेच.

जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारनंतर अचानक वादळी ढग जमतात. ही वाट उघड्या कातळावरून जाते आणि विजेपासून आडोसा कुठेही नाही, म्हणून गडगडाट ऐकू आला तर कमान कितीही जवळ आलेली असली तरी मागे फिरावे. हिवाळ्यात गर्दी नसते आणि लाल दगडावर बर्फाची पांढरी रेघ फार सुंदर दिसते, परंतु सावलीतल्या कातळावर पातळ, काचेसारखे बर्फ धरते. त्या दिवसांत बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या जाळ्या घेतल्याशिवाय जाऊ नये. मोआबमधील ट्रेकच्या सामानाच्या दुकानांत त्या मिळतात.

ग्रँड कॅन्यन पाहून येणाऱ्यांसाठी एक बारीकशी, पण महत्त्वाची सूचना. उन्हाळ्यात ॲरिझोनाचे घड्याळ युटाच्या एक तास मागे असते, कारण ॲरिझोनाचा बहुतेक भाग उन्हाळी वेळ पाळत नाही. मनगटावरचे घड्याळ बदलायचे राहिले तर सूर्यास्ताचे सारे गणित एका तासाने चुकते.

दुसरी पायरी : प्रवेश आणि तिथवर पोहोचणे

मोआब हे मुक्कामाचे गाव. सॉल्ट लेक सिटीहून मोटारीने सुमारे चार तास आणि कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शनहून दोन तासांच्या आत मोआब येते. गावापासून उत्तरेला सुमारे आठ किलोमीटरवर उद्यानाचे एकमेव मोठे प्रवेशद्वार आणि त्याला लागूनच व्हिजिटर सेंटर आहे. उद्यानाच्या आत सार्वजनिक बस नाही, तेव्हा स्वतःची किंवा भाड्याची मोटार लागतेच.

प्रवेशशुल्क भरावे लागते; अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो चालतो. आरक्षणाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा. गर्दी आवरण्यासाठी २०२२ पासून काही हंगामांत उद्यानाने दिवसाच्या मधल्या वेळेत प्रवेश करणाऱ्यांना आधी वेळ आरक्षित करणे सक्तीचे केले होते. हा नियम आणि शुल्काचे दर बदलत असतात, म्हणून कोणा मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर न विसंबता निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या-त्या वर्षीचा नियम पाहावा. आरक्षण असले तरी वाटेच्या तोंडाशी मोटार लावायला जागा मिळेलच असे नाही. पहाटे जाण्याच्या बाजूने हे आणखी एक कारण.

प्रवेशद्वारापासून आतल्या डांबरी रस्त्याने सुमारे २१ किलोमीटर गेल्यावर वुल्फ रँच नावाचे वाहनतळ येते. रस्ता सुरुवातीलाच नागमोडी वळणांनी घाट चढतो आणि नंतर दोन्ही बाजूंना लाल भिंती, सुळके आणि तोल सावरून उभ्या असलेल्या प्रचंड शिळा दिसू लागतात. मोह होतो, पण पहाटेचा बेत असेल तर थांबे परतीसाठी ठेवावेत. वुल्फ रँचला स्वच्छतागृह आहे, पाणी नाही. उद्यानात खाण्यापिण्याचे दुकानही नाही. त्यामुळे बाटल्या मुक्कामावर किंवा व्हिजिटर सेंटरजवळच्या नळावर भरून घ्याव्यात, आणि मोटारीतही परतल्यावर लागणारे पाणी वेगळे ठेवावे. मोबाइलचा भरवसा धरू नये. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि कुठे जातो आहोत व केव्हापर्यंत परतू हे मुक्कामाच्या ठिकाणी कोणाला तरी सांगून ठेवावे.

तिसरी पायरी : पाठीवर काय असावे

माणशी किमान दोन लिटर पाणी. कुटुंबाला मिळून नव्हे, माणशी. उन्हाळ्यात मी तीन लिटर सांगेन. आपल्या कोकणपट्टीत चालताना घामाने शर्ट पाठीला चिकटतो आणि शरीर आपोआप इशारा देते. या वाळवंटातील हवा इतकी कोरडी आहे की घाम येताक्षणी उडून जातो, अंग कोरडे राहते आणि ‘मला घाम येतच नाही’ अशा समजुतीत माणूस शरीरातले पाणी गमावत असतो. टोपीच्या पट्टीवर किंवा कानशिलांवर मिठाची पांढरी कड दिसली की समजावे, पाणी कमी पडते आहे. तहान लागण्याची वाट न पाहता दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. नुसते पाणी पिऊन भागत नाही, म्हणून एका बाटलीत ओआरएस किंवा सरळ लिंबू, मीठ आणि साखर घालावी. निम्मे पाणी संपले आणि कमान अजून आली नाही, तर परत फिरावे, असा नियम घरीच ठरवून निघावे, कारण ऐन वाटेवर उत्साहाच्या भरात असे निर्णय होत नाहीत.

खाण्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिक्की आणि खारे दाणे यांची बरोबरी पाकीटबंद बार करू शकत नाहीत, हा माझा पक्षपात समजावा. चॉकलेट मात्र वितळून सॅकभर होते. फळांच्या साली आणि कागद परत आणायचे आहेत, म्हणून एक रिकामी पिशवी ठेवावी. पुरीचा तुकडा हावऱ्या खारीपुढे टाकण्याचा मोह आवरावा. वन्य प्राण्यांना खायला घालणे तिथे नियमबाह्य आहे आणि त्या बोटही चावतात.

पायांत रबरी, खाचांच्या तळाचे बूट हवेत. चपला किंवा गुळगुळीत झालेले जुने कॅनव्हासचे बूट घालून येणारे लोक दर वेळी दिसतात, आणि चढताना नसेल पण उतरताना त्यांची जी तारांबळ उडते ती पाहवत नाही. अंगात लांब बाह्यांचा सुती किंवा पातळ, सैल शर्ट असावा, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि मानेला पंचा. पंचा ओला करून मानेवर टाकला की जो गारवा मिळतो त्याला तोड नाही. संध्याकाळी जाणाऱ्यांनी प्रत्येकाला एक याप्रमाणे हेडटॉर्च घ्यावी. फोनची बॅटरी छायाचित्रांत संपलेली असते आणि एक हातही त्यात अडकून पडतो, म्हणून फोनच्या उजेडावर विसंबू नये.

चौथी पायरी : प्रत्यक्ष वाट

वाहनतळावरून निघाल्यावर शंभरेक पावलांत लाकडाच्या ओंडक्यांची एक बुटकी खोली दिसते. अमेरिकी यादवी युद्धात लढलेला जॉन वेस्ली वुल्फ १८९८ च्या सुमारास ओहायोहून आपल्या मुलाला घेऊन इथे आला आणि गुरे पाळून राहिला. आज दिसते ती खोली १९०६ मधली आहे. मुलगी आपल्या संसारासह राहायला येणार म्हणून ती बांधली, आणि १९१० मध्ये सारे कुटुंब ओहायोला परत गेले. आत डोकावल्यावर, एवढ्याशा जागेत इतकी माणसे कशी मावली असतील, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

पुढे सॉल्ट वॉश या ओढ्यावरचा छोटा पूल लागतो. पूल ओलांडताच डावीकडे एक फाटा फुटतो. तो चुकवू नये, कारण जेमतेम काही मिनिटांच्या अंतरावर खडकाच्या भिंतीवर यूट या तिथल्या मूळनिवासी लोकांनी कोरलेली चित्रे आहेत. घोड्यांवर बसलेले स्वार, भोवती रानमेंढे आणि कुत्र्यांसारखे दिसणारे प्राणी. घोडे इथे स्पॅनिश लोकांबरोबर आले, त्यामुळे चित्रे त्यानंतरची आहेत हे उघडच आहे. ती १६५० ते १८५० या काळातील मानली जातात. हात लावू नये. बोटांच्या तेलकटपणानेही दगडाचा पृष्ठभाग खराब होतो.

पहिले सुमारे ८०० मीटर वाट रुंद, ठळक आणि सोपी आहे. बारीक खडीची ही वाट लहानशा टेकाडांवरून हलकेच चढ-उतार करते. इथे सगळे भरभर चालतात आणि ताकद उधळून बसतात. गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने चालावे.

त्यानंतर समोर येतो तो कातळ. एकसंध लालसर दगडाचा भला मोठा उतरता पत्रा आभाळाकडे लावून ठेवल्यासारखा दिसतो आणि त्यावर लांबवर मुंग्यांएवढी माणसे चढताना दिसतात. अवघड वाटेचा जो काही लौकिक आहे तो या टप्प्याचा. चढ खडा नाही, हात टेकावे लागत नाहीत, पण सलग आहे आणि सावलीचे एक झुडूपही नाही. अशा दगडाला तिकडे ‘स्लिकरॉक’ म्हणतात, म्हणजे निसरडा खडक. वास्तविक कोरड्या दगडावर रबरी तळवा उत्तम धरतो. हे नाव पडले ते घोड्यांच्या लोखंडी नालांमुळे, कारण नाल मारलेले खूर या दगडावर घसरत. माणसाला धोका दोन ठिकाणी असतो : दगडावर सांडलेल्या सुट्या वाळूवर आणि ओल्या किंवा बर्फाळ भागावर. पाऊल सपाट, पूर्ण टेकवून टाकावे.

कातळावर पायवाट उमटत नाही, त्यामुळे दिशा दाखवण्यासाठी ठिकठिकाणी चपटे दगड एकावर एक रचून ठेवलेले आहेत. आपल्या लगोरीची आठवण यावी अशी ही रचना असते. आपल्याकडे डोंगरवाटेवर रंगवलेले बाण शोधतात तसे इथे या लगोऱ्या शोधायच्या. रीत अशी : एका लगोरीपाशी उभे राहून पुढची नजरेत आली की मगच निघायचे, आणि ती दिसत नसेल तर पुढच्या माणसामागे आंधळेपणाने न जाता मागच्या लगोरीशी परत यायचे. एकदा एक लहान मुलगी मोठ्या हौसेने वाटेपासून वीस पावलांवर स्वतःची नवी लगोर रचत होती आणि तिचे वडील तिचे छायाचित्र काढत होते. दहा मिनिटांनी तीन माणसे त्या लगोरीच्या दिशेने वळलेली मी पाहिली. नवी रचू नये, जुनी पाडू नये, तिच्यावर दगड चढवू नये.

कातळाच्या माथ्यावर चढ मंदावतो. मधे वाळूचे पट्टे आणि पिळवटलेल्या खोडांची जुनिपरची झाडे येतात. इथे वाटेच्या कडेला जमीन काळपट, खडबडीत, जळक्या पापुद्र्यासारखी दिसेल. ती निव्वळ माती नाही. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलासारख्या सजीवांनी वाळूचे कण एकत्र बांधून तयार केलेली ती जिवंत कातडी आहे; तीच वाऱ्यापावसापासून जमीन धरून ठेवते आणि तिच्यात झाडे रुजतात. एका पावलाने ती मोडते आणि सावरायला अनेक वर्षे, कधी दशकेही लागतात. त्यामुळे समोरून येणाऱ्याला वाट द्यायची असेल तर बाजूच्या दगडावर चढून थांबावे, मातीत उतरू नये.

शेवटचे दोनेकशे मीटर वाट कड्याच्या अंगाला खोदलेल्या पट्टीवरून जाते. उजवीकडे दगडाची भिंत, डावीकडे दरी. सह्याद्रीतल्या आडव्या वाटा ज्यांना सवयीच्या आहेत त्यांना हा टप्पा काहीच वाटणार नाही. पट्टी एवढी रुंद आहे की दोन माणसे सहज एकमेकांना ओलांडून जातात. उंचीची भीती असलेल्यांनी मात्र भिंतीच्या बाजूने, नजर पुढच्या चार पावलांवर ठेवून चालावे आणि मुलांचा हात धरावा. कठडा नाही. हिवाळ्यात या पट्टीवर बर्फ असेल तर इथूनच परतणे शहाणपणाचे. पट्टी संपण्याच्या थोडे आधी उजवीकडे वर एक लहान कमान दिसते, तिचे नाव फ्रेम आर्च. तिच्यापर्यंतचा दगड चढायला सोपा वाटला तरी उतरायला अडचणीचा आहे.

संपूर्ण वाटेवर डेलिकेट आर्च एकदाही दिसत नाही. पट्टीचे शेवटचे वळण घेतले की ती एकदम समोर येते.

कमानीपाशी

कमानीसमोरची जागा सपाट नाही, हे छायाचित्रांत कळत नाही. एका विशाल कढईच्या काठावर आपण उभे असतो, कढईच्या दुसऱ्या काठावर कमान आणि कमानीच्या पलीकडे कडा. कढईचा उतार आत जाताना फसवा वाढत जातो. त्या पहाटे आमच्या बाटलीचे झाकण हातातून निसटले. आधी ते रेंगाळत, जणू थांबेलच असे घरंगळले, मग वेग धरला, दगडावर टिकटिक असा आवाज करत गेले आणि काही क्षणांनी आवाजच थांबला. झाकणामागे दोन पावले टाकलेल्या माझ्या भावाला बाबांनी शर्टाला धरून मागे ओढले. या परिसरात पडून माणसे दगावलेली आहेत, तेव्हा निसटलेली टोपी, फोन वा झाकण यांच्यामागे जाऊ नये.

कमानीखाली जायचे असेल तर कढईच्या वरच्या काठाने, उतारात न उतरता जावे. कमानीवर चढण्यास बंदी आहे. ड्रोन उडवणे आणि पाळीव प्राणी वाटेवर नेणे यांनाही मनाई आहे. दगडावर नाव कोरण्याबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्या गडांच्या भिंतींवर काय झाले आहे ते आपण रोज पाहतो.

छायाचित्रांचा एक अलिखित शिष्टाचार तिथे आपोआप पाळला जातो. समोरच्या काठावर लोक कमानीखाली कोणी नसेल अशा क्षणाची वाट पाहत बसलेले असतात, म्हणून कमानीखाली आपली पाळी आली की एक-दोन मिनिटांत उरकून बाजूला व्हावे. सूर्यास्ताच्या वेळी गर्दी होते, तेव्हा बसायची जागा तासभर आधी धरलेली बरी. अंधार पडू लागताच एकदम सगळे उठतात. दहा मिनिटे थांबून, गर्दी ओसरू दिली तर उतरणे सुखाचे होते. शिवाय २०१९ पासून हे उद्यान गडद आकाशाचे संरक्षित क्षेत्र म्हणून प्रमाणित झालेले आहे, त्यामुळे अमावस्येच्या आसपास त्या दहा मिनिटांत डोक्यावर जे उगवू लागते ते पाहण्यासारखे असते.

ज्यांना चढणे जमणार नाही

गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसांना आग्रह करून वर नेऊ नये. वुल्फ रँचच्या पुढे त्याच रस्त्यावर दीडेक किलोमीटरवर दुसरे वाहनतळ आहे. तिथून शेपन्नास पावलांच्या सपाट वाटेवरील खालच्या ठिकाणाहून कमान दूरवर, लहानशी पण स्पष्ट दिसते; चाकाच्या खुर्चीवरूनही तिथे जाता येते. त्याहून वरच्या ठिकाणी जायला पायऱ्या आणि थोडा चढ आहे. दुर्बीण न्यावी. खरे सांगायचे तर केवळ या दूरदर्शनावर आईवडिलांची बोळवण करण्यापेक्षा त्यांना उद्यानाच्या विंडोज भागात न्यावे. तिथली डबल आर्च सुमारे ३४ मीटर उंच, म्हणजे डेलिकेट आर्चच्या दुपटीहून उंच आहे, आणि वाहनतळापासून तिथवरची वाट जवळपास सपाट आहे. त्या भव्य कमानींच्या सावलीत आई तासभर बसली होती आणि वर न गेल्याची तिला हळहळ अजिबात नव्हती.

परतताना

चढायला जेवढा वेळ लागला त्याहून फार कमी वेळात उतरून होईल असे समजू नये; जाऊन-येऊन दोन ते तीन तास धरावेत, आणि बरोबर मुले असतील तर वरचा मुक्काम वेगळा धरावा. उतरताना गुडघे किंचित वाकवून, छोटी पावले टाकत, कातळाच्या उताराला नागमोडी छेदत यावे. अंधारात वाट चुकण्याची जागा म्हणजे हाच कातळ. हेडटॉर्चच्या उजेडात सगळा दगड सारखाच दिसतो आणि लगोरी पाच पावलांवर येईपर्यंत ओळखू येत नाही, म्हणून वर जातानाच अधूनमधून मागे वळून उतरती दिशा पाहून ठेवावी. कोणाला चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली तर दगडाच्या मिळेल त्या सावलीत बसवून मान आणि मनगटे ओली करावीत, घोट-घोट क्षारयुक्त पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून कोणाला तरी ९११ या आपत्कालीन क्रमांकाला कळवण्यासाठी पाठवावे, आणि खाली रेंज नसेल तर भेटेल त्या रेंजरला गाठावे.

वाहनतळावर पोहोचल्यावर मोटारीत ठेवलेले पाणी आधी संपवावे आणि बूट तिथेच काढून झटकावेत. ती बारीक लाल वाळू मोज्यांच्या विणीतही शिरलेली असते; आमच्या मोटारीच्या पायपुसण्यांतून ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत निघत होती.